मेस्त्री ते ‘मॅक’ : कोल्हापूरच्या सुट्या भागांना संघटनेची गरज का पडली?

कोल्हापूर सोडून पुणे-बंगळुरू महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की आधी गोकुळ शिरगाव लागते आणि कागलच्या अलीकडे लक्ष्मी टेकडी. या टेकडीपासून पूर्वेला, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या शिवारांत, पंचतारांकित एमआयडीसी पसरलेली आहे. ‘पंचतारांकित’ म्हटल्यावर नवख्या माणसाला हॉटेल आठवते. येथे मात्र फाउंड्रीच्या भट्ट्या आहेत, मशीन शॉप आहेत, कापडगिरण्या आहेत आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखानाही आहे.

या पट्ट्यात वाहनांचे, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे सुटे भाग ओतले जातात. सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, नाना तऱ्हेची हाउसिंग. भागावर खूण असते ती बहुधा तो विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीची. ज्याने तो ओतला, कातला, घासला, त्याचे नाव गिऱ्हाइकाला कधी कळत नाही. या निनावीपणातच एक अडचण दडलेली आहे. लहान कारखानदाराचे बरेचसे काम एखाददुसऱ्या कंपनीवर अवलंबून असते. त्या कंपनीने पैसे सहा महिने थकवले, तर त्याने तक्रार कुठे आणि कोणत्या तोंडाने करायची? तक्रारीवर सही केली, तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला जाण्याची भीती.

कोल्हापूरच्या औद्योगिक संघटनांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. तो समजून घेण्यासाठी मात्र कागलची एमआयडीसी सोडून बरेच मागे जावे लागते.

कागलच्याच घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले यशवंतराव म्हणजे राजर्षी शाहू महाराज. १८९१ साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली, १९०६ साली शाहू मिलची पायाभरणी झाली, पुढे राधानगरी धरणाचे काम हाती घेण्यात आले, शाहूपुरीची गुळाची पेठ नावारूपाला आली. पाणी, ऊस आणि गूळ या तिघांमागोमाग यंत्रे आली : नदीवरचे इंजिन-पंप, गुऱ्हाळावरचे लोखंडी चरक, गिरणीतले साचे. ती बहुतेक बाहेरची होती. गुऱ्हाळ ऐन भरात असताना चरकाचा दाता तुटला, तर इंग्लंडहून नवा येईपर्यंत ऊस थांबत नाही. मग कोणी गावातला सुतार लाकडाचा पॅटर्न करी, कोणी वाळूत साचा घाली, कोणी ओतीव भाग कानस मारून बसवी. या माणसांना कोल्हापुरात ‘मेस्त्री’ म्हणतात.

या मेस्त्रीविद्येचा सर्वांत प्रसिद्ध नमुना उद्योगाच्या इतिहासात न सापडता सिनेमाच्या इतिहासात सापडतो. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला, त्यामागे ही कारागिरी होती. परदेशी यंत्र उघडायचे, पाहायचे आणि तसेच करायचे, ही सवय या गावाच्या हाताला आधीपासून होती.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले आणि दुरुस्ती करणारा माणूस भाग बनवणारा झाला. कोल्हापूरचा वाहनभाग-उद्योग दुरुस्तीच्या पोटी जन्मला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुण्यात किंवा मुंबईत आधी मोठा कारखाना आला आणि त्याच्या आसऱ्याने पूरक उद्योग वाढले, असे अनेकदा घडले. कोल्हापुरात आधी गॅरेज आणि लेथ होते, मोठे गिऱ्हाईक नंतर आले.

शिवाजी उद्यमनगर ही या कारागिरीची पहिली मोठी वसाहत. तेथील व्यवस्था पाहण्यासारखी होती. एकाकडे भट्टी, दुसऱ्याकडे लेथ, तिसऱ्याकडे क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग, चौथा फक्त बोअरिंग करणार. एक इंजिन दुरुस्तीला आले, की त्याचे भाग गल्लीभर फिरून संध्याकाळी पुन्हा एका जागी जमत. थोड्या भांडवलात धंदा सुरू करता येत असे, कारण सगळी यंत्रे एकाच्याच मालकीची असण्याची गरज नव्हती. मात्र याच रचनेमुळे कोणाचाही आवाज मोठा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव जाणवू लागली. वाहनउद्योगाबाबत सरकारचे धोरण ठरत होते. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात उत्पादन न करता नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. देशी सुट्या भागांना मागणी आली. पण ते घडवायला लागणारे कच्चे लोखंड आणि कोक परवाने-कोट्याच्या कारभारात अडकलेले. टाटांसारख्या कंपनीचा माणूस दिल्लीत बसवता येतो. तीन लेथच्या मालकाने कोणाला दिल्लीला पाठवायचे? मोठ्या भागनिर्मात्यांची अखिल भारतीय संघटना १९५९ साली उभी राहिली. तिचेच पुढे ‘ॲक्मा’ हे नाव झाले. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून काम करत होते आणि त्याचे आ. रा. भट लहान उद्योगांची बाजू सातत्याने मांडत होते. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखानदारांचे व्यासपीठ होते कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि उद्योग शहराबाहेर सरकू लागले. पंचगंगेपलीकडे शिरोली, दक्षिणेला गोकुळ शिरगाव आणि त्यानंतर कागल-हातकणंगले. येथे एक मजेशीर गोष्ट घडली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक वसाहतीने आपली वेगळी संघटना काढली. शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, कागल-हातकणंगलेची ‘मॅक’. म्हणजे या संघटना धंद्यावरून पडलेल्या नाहीत, पत्त्यावरून पडल्या आहेत. ओतकाम करणाऱ्यांचे शास्त्रीय व्यासपीठ वेगळे आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा. पण रोजच्या भांडणांसाठी फाउंड्रीवाला, मशीन शॉपवाला आणि सूतगिरणीवाला एकाच टेबलाशी बसतात.

कारण उघड आहे. तिघांचाही जमीनदार एकच, एमआयडीसी. पाण्याचा दर, भूखंड हस्तांतराचे शुल्क, रस्त्यावरचे दिवे, सांडपाणी आणि विजेचा दाब हे प्रश्न पत्त्याला चिकटलेले असतात. इतिहासात व्यापारी श्रेणी बहुधा व्यवसायावरून बनल्या असे वाचलेले असते. येथे मात्र श्रेणीपेक्षा गावकीचा नमुना जवळचा वाटतो.

विजेचा प्रश्न यात सर्वांत तापलेला. पूर्वी भट्टी कोकवर चाले. इंडक्शन फर्नेस आल्यावर लोखंड विजेवर वितळू लागले आणि वीजबिल हा फाउंड्रीच्या खर्चातला मोठा आकडा झाला. कागलहून दूधगंगा ओलांडली, की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. पलीकडे वीज स्वस्त, ही तुलना येथील उद्योजकांना नकाशात शोधावी लागत नाही. २०१० नंतरच्या दशकात दरवाढीविरुद्ध कोल्हापूरच्या संघटनांनी एकत्र येऊन ‘आम्ही सीमेपलीकडे जातो’ असा जाहीर इशारा दिला, तेव्हा मुंबईतल्या मंत्रालयाला त्याची दखल घ्यावी लागली. एकट्या कारखानदाराने असे म्हटले असते, तर त्याला कोणी चहाही विचारला नसता.

वाळूचा प्रश्न कमी गाजला, पण संघटनेचे काम कसे चालते हे त्यात अधिक दिसते. साच्यासाठी लागणारी सिलिका वाळू घाटाखालून, सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरातून येते. ओतकाम झाल्यावर ती जळकी, काळी होते. शेकडो भट्ट्यांची अशी वाळू टाकायची कुठे? ती स्वच्छ करून पुन्हा वापरण्याचे यंत्र एका लहान फाउंड्रीला परवडत नाही. म्हणून केंद्राच्या क्लस्टर योजनेतून शिरोलीत सामाईक वाळू पुनर्वापर प्रकल्प उभारण्यात आला. उद्यमनगरातल्या जुन्या गल्लीचेच हे मोठे रूप : यंत्र एक, गिऱ्हाइके अनेक.

आणि २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. कागलची भट्टी कोरडी होती, पण पुण्याकडे जाणारा तयार माल नदीच्या अलीकडेच अडकला. महामार्ग उंच करावा की पूल वाढवावा, भरावामुळे पाणी शहरात तुंबते का, हा वाद त्यानंतर केवळ नगररचनेचा राहिला नाही.

आता सुरुवातीच्या अडचणीकडे, थकलेल्या बिलाकडे. कायदा आहे. १९९३ साली विलंबित देण्यांवर व्याजाचा कायदा झाला आणि २००६ च्या एमएसएमई कायद्याने तो अधिक धारदार केला : ४५ दिवसांच्या आत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, दाद मागायला स्वतंत्र परिषद. कागदावर याहून चांगले काय हवे? पण परिषदेपुढे जायचे तर स्वतःच्या नावाने जावे लागते, आणि नाव उघड करणेच तर परवडत नाही. त्यामुळे कायद्याने जे जाहीरपणे मिळायचे, ते बऱ्याचदा संघटनेच्या पदाधिकाऱ्याने खरेदी विभागातल्या ओळखीच्या माणसाला केलेल्या फोनवर मिळवावे लागते. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात एक कलम घातले : सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करातून वजा करता येणार नाही. या तरतुदीला तक्रारदारच लागत नाही, हे तिचे वेगळेपण. त्यावर लहान उद्योगांच्या संघटनांतूनच उलट भीतीही व्यक्त झाली, की मोठ्या कंपन्या आता या कलमाबाहेरच्या मध्यम उद्योगांकडे वळतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

गॅरेजवाल्याचे काय? या साऱ्या कहाणीची सुरुवात त्याच्यापासून झाली, पण एमआयडीसीच्या संघटनांत त्याला जागा नाही. तो भूखंडधारक नाही. त्याच्या आणि फाउंड्रीच्या मध्ये मोटार कंपनी उभी असते. ही भिंत किती जाड आहे हे एका खटल्याने दाखवले. २०११ साली शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली आणि प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले.

त्या निकालातला एक मुद्दा कोल्हापूरसारख्या गावासाठी दंडाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा होता. भाग घडवणाऱ्या पुरवठादाराला तोच भाग खुल्या बाजारात विकण्यापासून कंपन्यांचे करार अडवत होते, आणि हे बंधन स्पर्धेला बाधक आहे, असे आयोगाने म्हटले. एका तालुक्यात ओतलेला भाग शेजारच्या तालुक्यातल्या गॅरेजला थेट विकत घेता येऊ नये, यात गुणवत्तेच्या कारणापेक्षा कराराचे कारण मोठे होते. ही तक्रार एका ग्राहकाने केली. ज्या पुरवठादारांचा त्यात थेट फायदा होता, त्यांना स्वतःच्या गिऱ्हाइकांविरुद्ध उभे राहणे सोपे नव्हते. संघटनेची ताकद सरकारपुढे दिसते. गिऱ्हाइकापुढे ती फार जपून वापरावी लागते.

करांच्या बाबतीत मात्र आवाज पोहोचला. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा अनेक सुट्या भागांवर २८ टक्के दर लागला. एवढ्या करामुळे बिनपावतीचा आणि बनावट माल वाढतो, असे सांगत ‘ॲक्मा’ने सरसकट १८ टक्क्यांची मागणी लावून धरली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती मान्य झाली.

त्याच काळात कागलच्या शेडमध्ये दुसरीच चर्चा सुरू झाली होती. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर हेड लागत नाही, पिस्टन लागत नाही, लाइनर लागत नाही. ब्रेक लागतात, हाउसिंग लागतात, तीही शक्यतो हलक्या ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियमची भट्टी, साचे आणि कसब वेगळे. ट्रॅक्टर आणि पंप अजून बराच काळ डिझेलवर राहतील, असा हिशेब अनेक फाउंड्रीवाले मांडतात. बॅटरीवरची गाडी उघडून पाहणारे मेस्त्रीही आता कोल्हापूरच्या गॅरेजांत दिसू लागले आहेत. मात्र तिचे सॉफ्टवेअर उघडण्याची किल्ली अजून कंपनीकडेच असते.