प्राण्यांशी आपलं वागणं सुधारतंय की बिघडतंय? सारसोळे-नेरूळच्या खाडीकाठावर काय दिसतं?

नवी मुंबईतलं सारसोळे हे मूळचं आगरी-कोळी वस्तीचं गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आजूबाजूला नेरूळ उभं राहिलं आणि गाव शहराच्या आत आलं. गावाजवळूनच पाम बीच रोड जातो आणि त्यापलीकडे कांदळवन आणि ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यात या पट्ट्यात फ्लेमिंगोंचे, म्हणजे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांचे फोटो तुमच्या फीडमध्ये येतात. त्याच फीडमध्ये भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून झालेल्या भांडणांचे व्हिडिओही येतात.

मग माणूस प्राण्यांशी पूर्वीपेक्षा चांगला वागू लागलाय की वाईट? थोडक्यात उत्तर असं: प्राण्याला उघडपणे मारणं, छळणं आता समाजाला खपत नाही. पण त्याची जागा काढून घेणं मात्र अजून क्रूरता वाटत नाही.

पूर्वी काय परिस्थिती होती?

'पूर्वी लोक जास्त दयाळू होते' असं अनेकदा ऐकायला मिळतं. इतिहास इतका सरळ नाही. १८३२ मध्ये मुंबईत ब्रिटिश प्रशासनाने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले आणि दंगल झाली. म्हणजे प्राण्यांसाठी लढणारे लोक तेव्हाही होते आणि त्यांना मारणारी यंत्रणाही होती.

१८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. ते आजही चालू आहे. तरीही पुढची शंभरेक वर्षं, अगदी १९९० च्या दशकापर्यंत, मुंबईत पालिका भटकी कुत्री मारतच होती.

कायदा किती बदलला?

देशाचा मुख्य कायदा म्हणजे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. प्राण्याला मारहाण करणं, उपाशी ठेवणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं हे त्यात गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. १९६० मध्ये ही रक्कम थोडीफार जाणवत असेल. आज तेवढ्यात दोन वडापावही जेमतेम येतात. शिक्षा वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये मांडला होता, पण तो कायद्यात उतरलेला नाही.

एक बदल मात्र महत्त्वाचा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत प्राण्याला ठार मारण्याची किंवा जायबंदी करण्याची शिक्षा त्याच्या किमतीवर ठरायची. गाय, बैल, घोडा, हत्ती किंवा ५० रुपयांहून महाग प्राणी असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद, १० रुपयांच्या वर असेल तर दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ही किमतीची अट गेली. आता कोणत्याही प्राण्यासाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

पण कायदा नेहमी एकाच दिशेने जातो असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शेतकऱ्यांसाठी तो परंपरेचा आणि खिलार जात टिकवण्याचा प्रश्न होता, प्राणीप्रेमींसाठी बैलाच्या वेदनेचा.

भटक्या कुत्र्यांचं काय?

२००१ मध्ये केंद्राने प्राणी जन्मनियंत्रण नियम आणले. कुत्रा मारायचा नाही. त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि पकडलं तिथेच परत सोडायचं. २०२३ च्या नव्या नियमांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर आली. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची बरीच भांडणं इथूनच सुरू होतात.

भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की रुग्ण वाचण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि मोठा धोका लहान मुलांना असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संसर्गाची साखळी तोडायला किमान ७० टक्के कुत्र्यांचं लसीकरण लागतं. अर्धवट मोहिमेने कुत्रीही वाढतात आणि माणसांचा रागही.

२०२५ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात पेटला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश आला. २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री परत सोडायला सांगण्यात आलं. अपवाद रेबीज झालेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांचा. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. पण १८३२ सारखं 'दिसेल तो कुत्रा मारा' असं आज कायद्याला म्हणता येत नाही.

मग फ्लेमिंगो का मरतात?

फ्लेमिंगोंना कुणी दगड मारत नाही. उलट नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवते. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला 'रामसर' या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत स्थान मिळालं.

पण ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. सारसोळेहून काही किलोमीटरवरचं डीपीएस तळं, टीएस चाणक्य आणि एनआरआय संकुलालगतच्या पाणथळ जागा म्हणजे त्यांची ही विश्रांतीची ठिकाणं. ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत.

एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी प्रकल्प येणार होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रोखला आणि सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये डीपीएस तळ्याच्या परिसरात अनेक फ्लेमिंगो मृत आणि जखमी सापडले. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याने तळं कोरडं पडलं, अशी पर्यावरण कार्यकर्त्यांची तक्रार होती. २० मे २०२४ ला घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि तीसहून अधिक पक्षी मेले.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांचं डीपीएस तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. नागरिकांच्या पाठपुराव्याचा यात मोठा वाटा होता. मात्र ती आधी झाली असती तर पक्ष्यांना मरून पुरावा द्यावा लागला नसता.

जे फीडमध्ये दिसत नाहीत ते

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी होते. २०१२ मध्ये हा आकडा सुमारे ७३ कोटी होता. अंड्यांसाठीच्या अनेक कोंबड्या पंखही पसरता येणार नाहीत अशा पिंजऱ्यांत आयुष्य काढतात. २०१७ मध्ये विधी आयोगाने यावर स्वतंत्र अहवाल दिला. तो किती जणांनी शेअर केला?

तर उत्तर काय?

ज्या प्राण्याचा चेहरा आपण ओळखतो, त्याचं बरंच सुधारलंय. ज्याच्या जागेवर आपला डोळा आहे किंवा जो आपल्या ताटात आहे, त्याचं तसं म्हणता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी फ्लेमिंगोचा फोटो लाइक करताना त्या तळ्यात भरतीचं पाणी येतंय का, हेही विचारा. जखमी वन्यप्राणी किंवा पक्षी दिसला तर स्वतः हाताळू नका, राज्य वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.