उतारवयातील अध्ययन

उतारवयातील अध्ययन : साठीनंतर नवे कौशल्य, विशेषतः लिहिणे-वाचणे, आत्मसात करण्याची प्रक्रिया व तिच्यामागील मानसिक घटक. मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत स्मृती, प्रेरणा, आत्मविश्वास आणि समूहाचा प्रभाव ही प्रकरणे सुटी सुटी येतात. साठीतल्या विद्यार्थिनीच्या पाटीवर ती एकदमच उभी राहतात. महाराष्ट्रातले याचे सर्वांत परिचित उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी आहे.

जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. पोथी आपल्याला वाचता आली असती तर, ही गावातल्या वृद्ध स्त्रियांची हळहळ तिचे निमित्त ठरली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साहाय्य केले. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या. गणवेश गुलाबी साडी, सोबत दप्तर आणि पाटी-पेन्सिल. वर्ग दुपारचा, म्हणजे घरची-शेतावरची कामे उरकल्यावर. शिकवायला गावातलीच सून.

मोठेपणी नवे शिकता येत नाही, ही समजूत १९२८ मध्येच एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्रौढांच्या अध्ययनावरील ग्रंथात खोडून काढली होती. पुढे वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिअ‍ॅटलमध्ये त्याच माणसांची दर काही वर्षांनी चाचणी घेतली. त्यात आकलनाचा वेग लवकर मंदावतो, पण शब्दसंपत्ती बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, असे आढळले. म्हणून वृद्ध विद्यार्थ्याला वेळ जास्त लागतो. विषय झेपत नाही असे नाही. डोळ्यांना जवळचे न दिसणे आणि पेन्सिल धरायला बोटे न वळणे यांनाही अनेकदा ‘डोके चालत नाही’ असे नाव पडते. चष्म्याने सुटणारा प्रश्न बुद्धीच्या खाती मांडला जातो.

खरी अडचण लाजेची असते. ‘गोवऱ्या मसणात गेल्या, आता कसली अक्षरं गिरवायची’ हा सूर वरवर विनोदी असला तरी चारचौघांत चुकण्याच्या भीतीवर तो पांघरूण घालतो. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, ‘हे मला जमेल’ हा विश्वास मुख्यतः चार गोष्टींवर उभा राहतो: स्वतःला आलेले यश, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि मनावरचा ताण कमी असणे. फांगण्याची रचना या चौकटीत चपखल बसते. सगळ्याच आजी, सगळ्यांच्या अंगावर एकच रंग. हसणारे कुणी उरले नाही, कारण हसणारीच शेजारी पाटी घेऊन बसली. सही करता येणे हे लहान पण दिसणारे यश. बँकेत अंगठा न उठवता ते कामाला येते. सासूने सुनेपुढे अक्षर चुकवायचे, ही उलटापालटही साधी नव्हे. गुलाबी साडीची छायाचित्रे भरपूर छापली गेली, मात्र शाळेचे अर्धे यश त्या साडीने घडवलेल्या समूहात आहे, हे मथळ्यांत क्वचितच आले.

साक्षरतेने विचारशक्तीच पालटते, हा दावा मात्र जपून करावा. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातील वाई लोकांचा अभ्यास केला (ग्रंथ १९८१). शाळेत न जाता स्वतःच्या लिपीत लिहिणारे तेथे बरेच होते. लिपी येण्याने काही नेमकी कौशल्ये सुधारली, पण सर्वसाधारण तर्कशक्तीत मोठा फरक पडला नाही. नातवंडे सांभाळण्यात, भाताचे बी राखण्यात आणि देणेघेणे तोंडी लक्षात ठेवण्यात हयात गेलेल्या बाईला विचार करायला शाळेने शिकवले, असे म्हणणे तिचा अपमानच आहे.

शहापूर-मुरबाड पट्ट्यात अध्ययन तुटते ते बहुधा हंगामामुळे. ठाकूर-कातकरी पाड्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. आजी-आजोबांचा विचार तेवढा झालेला नाही. गावी राहिलेल्यांचाही वर्ग लावणी-कापणीत मोडतो. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. त्यांचाच दुसरा निष्कर्ष अशा गावांत अधिक कामाचा आहे. पूर्ण विसरल्यासारखे वाटणारेही दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागतो. त्यामुळे खंडानंतर पुन्हा ‘ग म भ न’ पासून सुरुवात करावी लागली तरी तो वर्ग वाया गेला असे धरू नये, आणि लावणीला गेलेल्या बाईचे नाव हजेरीपटावरून खोडू नये.