वऱ्हाडांतील पत्रव्यवसाय आणि विद्यापीठ

यवतमाळहून धामणगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगांव लागतें. पत्रव्यवसायाच्या शिक्षणाची गोष्ट निघाली असतां कापसाच्या मुलखांतील हें गांव सहसा कोणास आठवणार नाहीं. आम्हांस मात्र तें एका योगायोगामुळें आठवतें. ‘लोकमत’ दैनिकाचे संस्थापक जवाहरलाल दर्डा येथें २ जुलै १९२३ रोजीं जन्मले, आणि पुढच्याच महिन्यांत नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. त्या विद्यापीठाच्या छायेंत पत्रव्यवसायाचा वर्ग निघण्यास आणखी एकोणतीस वर्षें लागलीं.

तोंपर्यंत आमच्या प्रांतांतला पत्रकार घडला तो चळवळींत, तुरुंगांत आणि छापखान्यांत. यवतमाळचे वकील माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे यांनीं ‘लोकमत’ नांवाचें साप्ताहिक काढलें. तें नांव लोकमान्यांनीं सुचविलें होतें. तें पत्र बंद पडलें. स्वातंत्र्यलढ्यांत कारावास भोगलेल्या दर्डा यांनीं स्वातंत्र्यानंतर तेंच नांव पुन्हा उचललें आणि १९७१ मध्यें नागपुराहून त्याचें दैनिक केलें. पत्रविद्येची पदवी यांपैकीं कोणाजवळ होती? खुद्द टिळक पदवीधर खरे, पण गणिताचे आणि कायद्याचे! त्याहूनही मौजेची गोष्ट म्हणजे १८३२ मध्यें ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे स्वतः पुढें एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक झाले. मराठी पत्राच्या जन्माशींच अध्यापनाचा असा संबंध असतां ही विद्या विद्यालयांत शिरली ती मात्र फार उशिरां.

अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ मध्यें पत्रव्यवसायाची शाळा उघडली. आपल्याकडे लाहोरास १९४१ मध्यें पंजाब विद्यापीठांत वर्ग सुरू झाला. नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयांत हा विभाग १९५२ मध्यें निघाला, तो सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झली यांच्या हातून. हिंदी पत्रसृष्टीवर त्यांनीं संपादिलेला ग्रंथ लगेच १९५३ मध्यें प्रसिद्ध झाला. परदेशी मनुष्यानें इतक्या तत्परतेनें केलेलें हें काम आम्हांस आदरणीय वाटतें. परंतु तो ग्रंथ इंग्रजी आणि गुरूही इंग्रजींत बोलणारे. यवतमाळच्या बाजारांतील कापसाचा भाव, तालुक्याची कचेरी, पाण्याची टंचाई यांच्या बातम्या मराठींत लिहूं पाहणाऱ्या तरुणास त्यांतून मिळावें तेवढें मिळणें कठीण होतें. दोष वूल्झली यांचा नव्हे. आपल्या उच्च शिक्षणाचें वळणच तसें होतें.

मग छापखान्याचीच शाळा बरी, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. मुद्रितें तपासणें, मथळा बसविणें, वेळेवर पान सोडणें हें छापखाना उत्तम शिकवितो. पण मालकास जी बातमी वाटते तीच बातमी, हेंही तो नकळत शिकवून जातो. दर्डा हे पत्राचे चालक होते तसेच महाराष्ट्राचे मंत्रीही होते. अणे हेही आधीं राजकारणी, मग संपादक. वऱ्हाडांत पत्र आणि राजकारण यांचा हा घरोबा पहिल्यापासूनचा आहे. त्यानें लढ्याच्या काळीं पत्रांस बळ दिलें, आणि सत्ता हातीं आल्यावर पत्राचें सत्तेशीं नातें काय असावें, हा प्रश्नही उभा केला. त्या प्रश्नाची मोकळी चर्चा पत्राच्या कचेरींत होणें अवघड. ती वर्गांत होऊं शकते. मात्र तेथें मिसूरीच्या इतिहासाबरोबर यवतमाळच्या साप्ताहिकांचाही इतिहास शिकविला जात असला पाहिजे.