मीठ, मिरची आणि मसाल्याची बाटली



इतिहासाच्या व्याख्यानाला येणारा माणूस किल्ले, तह आणि लढाया यांची अपेक्षा धरून येतो. आपल्या मीरा-भाईंदरला त्यांचा तोटा नाही. एका बाजूस घोडबंदरचा किल्ला आहे, दुसऱ्या बाजूस उत्तनजवळ चौक येथे धारावीचा किल्ला आहे, आणि खाडीपलीकडे वसईचा कोट अजून उभा आहे. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. आज मी आपणांस जरा निराळ्या जागी नेणार आहे. ती जागा म्हणजे घरातील चुलीजवळची फळी. त्या फळीवर मिठाचे भांडे असते, लाल तिखटाची बरणी असते, मसाल्याचा डबा असतो. आणि उत्तन, डोंगरी, चौक या बाजूचे ख्रिस्ती घर असेल तर मसाल्याने गच्च भरलेली एक तपकिरी बाटलीही असते. या साध्या जिनसांनी जगाच्या उलाढाली पाहिल्या आहेत. शिवाय त्यांच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे. एखादी वस्तू 'आपली' होते ती केव्हा? ती येथे उपजली म्हणून, की येथील माणसांनी तिच्यावर कष्ट केले म्हणून?

आरंभ मिठापासून करू, कारण मीठ हे खरोखरच या भूमीचे पीक आहे. भरतीचे पाणी खाजणात शिरते, ते बांध घालून अडवायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचे आणि बाकीचे काम उन्हावर व वाऱ्यावर सोपवायचे, अशी ही शेती. ऐकताना सोपी वाटते, पण तिच्यात मोठे कसब आहे. शंभर किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षार असतात, आणि त्यांतील पाऊण हिश्शाहून थोडा अधिक भाग तेवढा खाण्याच्या मिठाचा. पाणी आटू लागले की आधी चुन्याचे क्षार तळाशी बसतात. त्यानंतर मिठाचे दाणे धरतात. मॅग्नेशियमचे कडवट क्षार अगदी शेवटपर्यंत पाण्यात राहतात. म्हणून पाणी पुढच्या वाफ्यात केव्हा सोडायचे आणि उरलेले कडू पाणी केव्हा काढून टाकायचे, हे ज्याला कळते त्याचेच मीठ पांढरे आणि चवीचे होते. रसायनशास्त्राच्या शाळेत न गेलेल्या आगरी माणसाने हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत आणि हातांत जपले. 'आगरी' हे नावच मुळी आगरावरून पडले आहे.

हे मीठ राज्यकर्त्यांच्या नजरेतून कधी सुटले नाही. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले, तर आपल्या मुलखातील मिठाचा व्यापार बुडेल, हे ओळखून त्यांनी बाहेरच्या मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम दिला. इंग्रजी अमलात धोरण उलटे झाले. आता कर बसला तो येथेच पिकणाऱ्या मिठावर. १८८८ साली हा कर दर मणास अडीच रुपये इतका होता. जो पदार्थ श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच लागतो, त्यावरील कर गरिबालाच अधिक जाचतो, हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली अंदाजपत्रकावरील भाषणात सरकारला बजावले, आणि पुढच्या वर्षापासून कर टप्प्याटप्प्याने उतरू लागला. तो पुढे पुन्हा चढला. १९३० साली दांडी, वडाळा, शिरोडे येथे लोकांनी मूठभर मीठ उचलून तुरुंगाची वाट का धरली, याचे उत्तर प्रत्येक घरच्या त्या मिठाच्या भांड्यात आहे. १९४७ साली हा कर रद्द झाला.

मिठानंतर तिखट. येथे मात्र आपल्या अभिमानाला थोडा धक्का बसतो, कारण मिरची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. पंधराव्या शतकाच्या अखेरपर्यंत हिंदुस्थानात कोणी मिरची पाहिली नव्हती. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातील भोजनाच्या प्रकरणात मिरी, आले, हिंग, हळद आणि सैंधव यांची रेलचेल आहे, परंतु मिरचीचा पत्ता नाही. अकबराच्या दरबारी अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी'त मुदपाकखान्यातील जिनसांचे भाव नोंदविले. त्यातही मिरी आहे, मिरची नाही. ज्ञानदेवांच्या काळच्या आळंदीत किंवा देवगिरीच्या यादवांच्या पंक्तीत पदार्थ तिखट असेल, तर तो मिरीने, पिंपळीने आणि आल्याने. 'मिरची' हा शब्दसुद्धा 'मिरी'वरूनच बेतलेला आहे. नव्या पाहुणीला आपण जुन्या ओळखीच्या मसाल्याचे नाव दिले.

ही पाहुणी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, आणि यात इतिहासाची गंमत आहे. वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला तो मुख्यतः मिरीच्या शोधात. त्या काळ्या दाण्यासाठी युरोपात सोने मोजले जाई. पण मिरीचा व्यापार हाती घेणाऱ्या त्याच लोकांनी मिरीची सवत येथे आणून सोडली. मिरीचा वेल मलबारच्या ओल्या रानात वाढतो. देशावरच्या शेतकऱ्याला मिरी विकतच घ्यावी लागे. मिरचीचे तसे नाही. ती परसात उगवते, कोरडवाहू रानातही तग धरते, वाळवली की वर्षभर टिकते आणि चिमूटभर घातली तरी भाकरीला चव आणते. ज्याच्या घरी मिरी परवडत नव्हती, त्याच्या घरी मिरची पिकू लागली. तिखट ही चैनीची वस्तू राहिली नाही. एकेकाळी मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत, म्हणजे ती कोठून आली हे लोकांच्या ध्यानात होते. आज ते ध्यानात नाही. आपण एखादी हकीकत तिखटमीठ लावून सांगतो, खरे बोलले की कोणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबतात, आणि पोराची दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर लाल मिरची ओवाळून निखाऱ्यावर टाकतो. परदेशी फळाने आपल्या भाषेत आणि देवाधर्मातही घर केले, याहून मोठी पावती कोणती?

आता आपल्या परगण्याकडे येऊ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि आपले साष्टी बेटही त्यांच्या सत्तेखाली गेले. दोनशे वर्षांत येथील कोळी, आगरी, कुणबी, भंडारी यांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीत मोहीम सुरू केली. १७३९ साली धारावीचा किल्ला पडला आणि त्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, १७७४ साली इंग्रज साष्टीत आले, परंतु ही माणसे येथेच राहिली. त्यांनी धर्म नवा ठेवला आणि बोली मराठीच ठेवली. १८८७ साली मुंबईत त्यांनी आपली संस्था काढली, तेव्हा 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. ते नाव इंग्रजी असले तरी त्यांच्या लग्नातील गाणी आणि चुलीपुढील बोलणे मराठीच राहिले.

या समाजाचा बाटली मसाला म्हणजे आपल्या परिसराचा सारा इतिहास एकत्र कुटलेला आहे असे मी म्हणतो. त्यात वीस ते तीस जिनसा पडतात. मिरच्याच दोन-तीन जातींच्या असतात, एक रंगाला आणि एक तिखटपणाला. मग धने, जिरे, हळद, मोहरी, तीळ, खसखस. मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ, जायपत्री. दगडफूल, नागकेशर, मायपत्री, तिरफळ. आणि अनेक घरांत गहू व हरभऱ्याची डाळही. गहू आणि डाळ कशाला, असे कोणी विचारील. मासळीच्या कालवणात हा मसाला पडला म्हणजे चव, रंग आणि दाटपणा या तिन्ही गोष्टी एकाच चमच्यात साधतात. दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यात आहे, तिरफळ कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत आहे, मिरची अमेरिकेची आहे आणि लवंग मोलुक्काच्या बेटांची आहे. ज्यांचे पूर्वज वसईच्या वेढ्यात एकमेकांसमोर उभे होते, त्यांच्या घरची मसाल्याची यादी निम्म्याहून अधिक सारखी निघावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तो करण्याची रीतही पाहा. नवी मिरची बाजारात आली की एप्रिल-मे महिन्यांत हे काम निघते. मिरच्या अंगणात कडक उन्हात वाळवायच्या, देठ काढायचे, एकेक जिन्नस निवडून मंद आचेवर निराळा भाजायचा. धन्याला लागणारी आच खसखशीला चालत नाही. मग उंच लाकडी उखळात दोघी-तिघी बायका लांब मुसळांनी आळीपाळीने घाव घालीत. मसाला कांडणाऱ्या बायका घरोघर जात, आणि ठसका, शिंका व गाणी यांनी आळी भरून जाई. चाळलेला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने ठोकून ठोकून भरीत आणि बूच घट्ट लावीत. यामागे शहाणपण आहे. उजेडाने मिरचीचा लाल रंग उडतो, हवेने वास मरतो, आणि पावसाळ्याच्या दमटपणाने बुरशी धरते. बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटलीने हे तिन्ही शत्रू बाहेर ठेवले. आपल्याकडे बरणीच्या तोंडाशी हिंगाचे खडे ठेवतात, तोही त्याच लढाईतला एक डाव.

मसाल्यापुरतेच हे घडले नाही. पोर्तुगीज खलाशी मांस टिकविण्यासाठी द्राक्षाचा आंबट रस आणि लसूण वापरीत. येथे द्राक्षे नव्हती, माड होते. माडीचा शिरका झाला, त्यात मिरची मिसळली आणि विंदालू तयार झाले. नाताळच्या गोडातही तेच. युरोपात केकवर बदामाच्या लगद्याचा थर देतात, त्याला मार्झिपान म्हणतात. येथे बदाम महाग पडले म्हणून काजू वाटून तोच पदार्थ साधला. काजूही ब्राझीलमधून आलेलाच. मूळचे जिन्नस मिळाले नाहीत, तरी हातचे घेऊन आमच्या बायकांनी पदार्थ उभा केला.

आणि येथे एक कबुली दिली पाहिजे. हे सारे ज्ञान स्त्रियांचे होते, म्हणून ते फारसे लिहिले गेले नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. ही पुस्तके मोलाची आहेत, पण गावोगावच्या आगरी, कोळी, ईस्ट इंडियन घरांतील प्रमाण त्यांत कोठून येणार? ते सासूच्या मुठीत होते आणि सुनेच्या नजरेत उतरत होते.

१९६२ साली पुण्यात तयार मसाल्याचा मोठा धंदा उभा राहिला, तसेच इतरत्रही झाले, आणि पुडीचा मसाला घरोघर पोहोचला. मी पुडीला नावे ठेवणार नाही. नोकरी करणाऱ्या बाईने उन्हातान्हात मुसळ घ्यावे असे पुरुषांनी व्यासपीठावरून सांगणे शोभत नाही. कांडपाच्या डंखाने तिचे खांदे वाचविले, हे चांगलेच झाले. परंतु १९८५ साली येथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि या काळात अंगणांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पुष्कळ आगरांत आता मीठ पिकत नाही. २००६ पासून थेट खाण्यासाठी विकायच्या मिठाला आयोडीन असणे सक्तीचे आहे. गलगंड टाळण्यासाठी ते योग्यच आहे, पण भाईंदरकराच्या घरात मीठ आता पिशवीतूनच येते. घरचा मसाला मात्र अजून पुष्कळ घरांत होतो, आणि त्याचे प्रमाण जाणणाऱ्या आज्या अजून आपल्यांत आहेत.

म्हणून माझी एकच विनंती आहे. उद्या घरी वही काढा. आजीला, आईला, मावशीला बसवा आणि विचारा: एक किलो मिरचीला धने किती? कोणता जिन्नस आधी भाजायचा? दगडफुलाला तुमच्या गावात काय म्हणत? ती 'अंदाजाने' म्हणेल, तर तिची मूठ तराजूत घालून वजन लिहा. शेजारी उत्तनचे घर असेल तर त्यांचे प्रमाण त्यांच्या बोलीत उतरवून घ्या आणि आपले त्यांना द्या. या एका उन्हाळ्यात शंभर घरांनी एवढे केले, तरी या गावाच्या इतिहासाचे एक साधन तयार होईल. येत्या मे महिन्यात मिरच्या उन्हात पडतील तेव्हा वही जवळ असू द्या.