घाटासाठी सायकल : गिअर किती यापेक्षा गिअर कोणते?

लांब पल्ल्याच्या भ्रमंतीसाठी सायकल घ्यायला निघालेला ग्राहक दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो 'गिअर किती?' हा. एकवीस, चोवीस, सत्तावीस असे उत्तर मिळते आणि आकडा जितका मोठा तितकी सायकल उत्तम, असा समज करून घेऊन तो पैसे मोजतो. वास्तविक विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. या सायकलचा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे? वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात सायकल चालवायची की हातात धरून ढकलायची, हे त्या एका उत्तरावर ठरते.

गिअरचे गणित शाळकरी आहे. पुढच्या चेनव्हीलच्या दातांना मागच्या चक्राच्या दातांनी भागले, की पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर चाक जवळजवळ अडीच वेळा फिरेल. सपाट रस्त्यावर हे ठीकच आहे. घाटासाठी मात्र भागाकार एकच्या खाली यावा लागतो, म्हणजे पुढचे चक्र मागच्यापेक्षा लहान हवे.

किती लहान, हे हिशेबाने काढता येते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, तर पाचगणी तेराशेच्या आसपास. आणि मधला रस्ता साधारण १२ किलोमीटरचा. म्हणजे सरासरी चढ पाच टक्के. पण सरासरीवर सायकल चालत नाही. जिथे रस्ता अधिक उभा होतो तिथे ती अडते. म्हणून सात टक्के चढ धरू. स्वार ७० किलोचा, सायकल १५ आणि सामान १५, असे १०० किलो वजन ताशी ७.२ किलोमीटर वेगाने या चढावर न्यायला सुमारे १५० वॅट शक्ती लागते. सराव असलेल्या, पण शर्यतपटू नसलेल्या माणसाला एवढी शक्ती तासभर टिकवणे शक्य असते. या वेगात सायकल मिनिटाला १२० मीटर पुढे जाते. मिनिटाला पायडलचे ७० फेरे ठेवायचे, तर एका फेऱ्यात साधारण १.७ मीटर जायला हवे. चाकाचा परीघ २.१५ मीटर धरला, तर भागाकार ०.८ येतो.

आता शर्यतीच्या धर्तीच्या महागड्या सायकली पाहू. त्यांना पुढे ५० आणि ३४ दातांची चेनव्हील आणि मागे ११ ते २८ दातांची कॅसेट, ही जोडणी वर्षानुवर्षे सर्रास मिळत आली आहे. तिचा सर्वांत हलका गिअर ३४ भागिले २८, म्हणजे १.२१. त्याच चढावर, त्याच वेगाने तिच्यावर मिनिटाला जेमतेम ४६ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला दीडपट जोर लावावा लागतो. हा जास्तीचा भार गुडघ्यांनाच सोसावा लागतो. गंमत अशी, की पुढे २४ आणि मागे २८ दात असलेल्या स्वस्त एकवीस गिअरच्या सायकलचा हाच आकडा ०.८६ भरतो! चौपट किमतीची सायकल घाटात मागे पडते, ती अशी.

हलक्या गिअरकडे कमीपणाच्या नजरेने पाहण्याची वृत्ती मात्र जुनी आहे. फ्रान्समधील सेंट एटियेन गावचे पॉल द व्हिवी (१८५३-१९३०) 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत. अनेक गिअर असलेल्या सायकलीचा पुरस्कार त्यांनी आयुष्यभर केला. तरीही 'टूर द फ्रान्स' या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. भ्रमंती करणाऱ्याने शर्यतीतल्या या प्रतिष्ठेच्या कल्पना उसन्या घेण्याचे काही कारण नाही.

भ्रमंतीची पारंपरिक जोडणी म्हणजे पुढे ४८-३६-२६ अशी तीन चेनव्हील आणि मागे ११ ते ३४ दातांची कॅसेट. तिचा हलका गिअर ०.७६ आणि जड गिअर ४.३६, दोहोंत पावणेसहा पटींचे अंतर. माझ्या मते ४८ दातांचीही गरज नाही. माउंटन सायकलचे ४४-३२-२२ चेनव्हील लावले, तर जड गिअरमध्येसुद्धा मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ४६ किलोमीटर वेग मिळतो. सामान लादून उतरताना याहून वेगाने पायडल मारायचे कोणाला आहे? आणि हलका गिअर ०.६५ वर येतो. त्याच्याही फार खाली जाण्यात अर्थ नाही. वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत आला, की तोल सांभाळणे कठीण होते आणि चालत गेलेले बरे वाटते.

अलीकडे पुढे एकच चेनव्हील आणि मागे अवाढव्य कॅसेट देण्याकडे कल आहे. पुढे ३८ आणि मागे ११ ते ५१ दात असतील, तर हलका गिअर ०.७५ मिळतो, पुढचा डिरेलर आणि त्याची कटकट वाचते. मात्र दोन गिअरमधील अंतर मोठे राहते आणि भाग महाग पडतात. तालुक्याच्या गावी चेन तुटली तर सात-आठ चक्रांच्या कॅसेटची चेन मिळण्याची आशा असते. बारा चक्रांची बहुधा घरूनच न्यावी लागते.

जुन्याच सायकलमध्ये बदल करणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मागच्या डिरेलरची क्षमता. पुढच्या चक्रांतील फरक आणि मागच्या चक्रांतील फरक यांची बेरीज तिच्या आत बसली पाहिजे. ४८-३६-२६ आणि ११-३४ यांची ही बेरीज ४५ होते. म्हणजे लांब पिंजऱ्याचाच डिरेलर हवा. दुसरी, चेनव्हीलच्या बोल्टांचे वर्तुळ. ते ११० मिलिमीटरचे असेल, तर ३३-३४ दातांहून लहान चक्र त्यावर बसत नाही. तिसरी, शिफ्टर आणि डिरेलर यांचे जुळणे. शिमानोचे रोड व माउंटन प्रकारातील नऊ चक्रांचे मागचे भाग एकमेकांशी जुळत. दहा चक्रांपासून तसे राहिलेले नाही. चेन मात्र नेहमी पुढचे मोठे आणि मागचेही मोठे चक्र धरूनच मोजावी. हा मेळ चालवताना वापरायचा नसतो, पण चुकून पडलाच आणि चेन आखूड असली, तर डिरेलर मोडतो.

दातांची संख्या चक्रांवर बहुधा कोरलेली असते. नसल्यास दुकानात उभ्या उभ्या मोजून घ्यावी. आणि शक्य असेल तर मोठ्या प्रवासाआधी एखाद्या रविवारी सकाळी, जितके सामान नेणार तितके सगळे बांधून, पुणेकरांनी कात्रजचा जुना घाट एकदा चढून पाहावा. कॅसेट बदलायची असेल, तर ते त्याच दिवशी दुपारपर्यंत कळलेले असते.