ओएनजीसी आणि सरकारी तिजोरी

तेल व नैसर्गिक वायू महामंडळ अर्थात ओएनजीसी ही केंद्र सरकारचे बहुसंख्य भाग असलेली कंपनी होय. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, तिच्या 'सागर सम्राट' या जहाजाने बॉम्बे हायचा तेलसाठा शोधला. १९९३ मध्ये आयोगाची कंपनी झाली, पुढे तिचे भाग बाजारात आले; अध्यक्ष व संचालकांच्या नेमणुका मात्र सरकारच्याच हाती राहिल्या.

या मालकीची किंमत दोनदा ठळकपणे दिसली. २००३-०४ पासून सुमारे दशकभर घरगुती गॅस, रॉकेल व डिझेल स्वस्त ठेवण्याच्या धोरणाचा भार ओएनजीसीने उचलला. विक्री कंपन्यांना ती कच्चे तेल सवलतीत देई. त्यामुळे जागतिक भाव कडाडले, तरी त्याचा पुरता लाभ तिला मिळत नसे. खोल समुद्रातील नव्या शोधांसाठी लागणारा पैसा असा स्वयंपाकघरातील शेगडीकडे वळला.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१८ चा. हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचे ५१.११ टक्के भाग ओएनजीसीने ३६ हजार ९१५ कोटी रुपयांना घेतले आणि त्यासाठी कर्ज काढले. सरकारचे ७२ हजार ५०० कोटींचे निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट या व्यवहारामुळेच ओलांडले गेले. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या या पैशाला निर्गुंतवणूक म्हणणे धाडसाचेच! गंमत म्हणजे, एवढी रक्कम मोजूनही हिंदुस्थान पेट्रोलियमने ओएनजीसीला प्रवर्तक म्हणून मान्यता दिली ती २०१९ मध्ये.