सेमिनरी बदलली तर आधीची वर्षं वाया जातात का?

पाळक होण्यासाठी शिकणाऱ्या मुलामुलींवर मधेच कॉलेज बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच: झालेले विषय धरतात का? धरतात, पण मान्यता कोणाची ते बघून. सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न कॉलेजांना सिनेटचाच अभ्यासक्रम असतो, त्यामुळे आपसात अडचण कमी. पूर्वी यवतमाळला असलेली, १९८३ साली पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यातलीच. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता वेगळी. तिथले क्रेडिट सेरामपूरकडे आपोआप जात नाहीत.

क्रेडिट ट्रान्सफर म्हणजे झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. ॲडव्हान्स्ड स्टँडिंग म्हणजे आधीच्या शिक्षणावर थेट वरच्या वर्षात प्रवेश. पदवीधराला चार वर्षं लागणारी बी.डी. सेरामपूरची बी.टीएच. झालेल्याला साधारण दोन वर्षांत करता येते, ती त्यामुळेच. गुण मात्र बरे हवेत.

गुणपत्रक आणि विषयवार अभ्यासक्रम जुनं कॉलेज सोडायच्या आधीच मागून घ्या. फी थकली की कागद अडकतात. नव्या ठिकाणी कोणी तोंडी ‘होऊन जाईल’ म्हटलं म्हणून गाशा गुंडाळू नका. किती विषय धरले, किती वर्षं उरली, हे रजिस्ट्रारच्या सहीनं लेखी घ्या. मंडळीच्या वर्गणीवर शिकणाऱ्या पोराचं एक वर्ष वाढलं तर तो खर्च गावालाच पडतो.